खोक्यात दोन कांदे, पेटीत सयाजी

हॅलो?… हां सुमन, बोल… काय निघालं खोक्यातून?… कांदे?… किती?… दोनच ना? मग बरोबर आहे.

अगं म्हणजे मीच ठेवले होते… वजन जुळावं म्हणून. हेडफोन भरतो पावणेतीनशे ग्रॅम. एक कांदा ठेवला तर खोकं हलकं लागायचं, तीन ठेवले तर झाकण बसेना… फसवणूक कसली त्यात? कांदे आपले, खोकं आपलं. संध्याकाळी कांदे टोपलीत आणि हेडफोन खोक्यात, असा बेत होता माझा. आता हेडफोन परत न्यायला सहाला येतो म्हणालेला रिटर्नवाला साडेचारलाच टपकला, त्यात माझा काय दोष?

दारातच उभाय का तो?… हसतोय?… मग माणूस बरा दिसतोय. त्याला आत बसव, चहा टाक… हो, हो… अगं ऐक ना, हेडफोन कुठे गेलेला नाही. माझ्या डोक्यावर आहे. आत्ता तुझ्याशी बोलतोय तो त्याच्यातूनच बोलतोय.

कंपनीत नाही… शिफ्ट मघाशीच सुटली… घरी यायला निघालोय असंही नाही. म्हणजे गाडी निघाली आहे. मी निघालेलो नाही. मला नेतायत.

पोलीस कशाला नेतील!… बस आधी. नीट बस, आणि मध्ये बोलू नकोस.

ती कानाची गाडी आठवते का? दरवर्षी येते बघ आमच्या कंपनीत, कामगारांचे कान तपासायला. पांढरी, मिनीबसएवढी… हां, तीच. तिच्यात मागच्या बाजूला एक पेटी असते, एका माणसापुरती. माणसाला आत बसवतात, डोक्याला हेडफोन घालतात, दार लावतात. मग कानात बारीक ‘टुंई’ वाजतं. वाजलं की बटण दाबायचं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना हा असा जाड स्पंज, आणि दार फ्रीजसारखं, त्याला एक काच… बरोबर. तर त्या पेटीत मी आहे. दार बाहेरून लागलंय. आणि गाडी चाललीय तळवड्याला.

हॅलो?… सुमन?… हसायला काय झालं?… वा! तिकडे तोही हसतोय, तूही हसतेस. मजा आहे तुमची.

थाप नाही गं… आईशप्पथ… बरं, आईची नको, तिची बऱ्याचदा घेऊन झालीय. तुझी शप्पथ… तुझीही नको? मग कुणाची घेऊ ते तूच सांग.

मान्य. कोंबड्यांची थाप होती. आमच्या कंपनीतल्या लोखंड ठोकायच्या हॅमरच्या धक्क्यानं कुरुळीच्या कोंबड्या उकडलेलीच अंडी घालतात, असं मी म्हणालो होतो. पण तू शेजारच्या विजयश्रीला घेऊन अंडी आणायला थेट कुरुळीला जाशील, हे मला कुठे माहीत होतं?… आणि ते चाकण चौकातलं वऱ्हाड, ते अर्धं खरं होतं. ट्रॅफिकमध्ये अडकले, बसमध्येच लग्न लागलं, तिथपर्यंत खरं. मोशी यायच्या आत बारसं झालं, एवढं मी घातलं पदरचं.

पण हे खरं आहे. पूर्ण खरं.

कोंडाजीच्या खोलीवर नाही! गेम खेळत बसलो असतो तर मागे कोंडाजीचा आरडाओरडा नसता का ऐकू आला तुला? ऐक… ऐकलंस?… काहीच नाही ना? एवढी शांतता आपल्या अख्ख्या चिखलीत कुठे आहे का, दाखव मला. ही पेटी आहे म्हणूनच आहे.

का शिरलो?… सांगतो. तुझ्यासाठीच शिरलो… हसू नकोस. आपलं भांडण काय होतं? तू म्हणतेस हेडफोन गाण्यासाठी घ्यायचा. मी म्हणतो गेमसाठी. बजेट तीन हजार, त्यात एकच येतो. मी आणला हा अठ्ठावीसशेचा, कानावर लाल दिवे लागणारा. तू म्हणालीस, ह्याच्यात तबला पुढे बसलाय आणि गाणारी बाई मागे मोरीत उभी आहे… हो, तुझंच वाक्य आहे. आणि रागारागानं रिटर्न टाकून मोकळी झालीस. मी म्हटलं, एकदा नीट तुलना तर करू. नवा आणि आपला जुना साडेचारशेवाला, दोन्ही शेजारी शेजारी. पण करायची कुठे? घरी खालच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू. कंपनीत हॅमर. रस्त्यावर कंटेनर. मग ही पेटी दिसली. शिफ्ट सुटल्यावर तपासणीवाल्या योगिनी मॅडम चहाला गेल्या, ड्रायव्हर टायरला काठी मारून बघत होता. मी हळूच आत. पाच मिनिटांचं तर काम.

नाही ना झालं पाच मिनिटांत! जुन्याची पिन खाली पडली. ती शोधायला वाकलो. तेवढ्यात मॅडम आल्या, काचेतून पाहिलं, खुर्ची रिकामी दिसली. त्यांनी दिवा मालवला आणि प्रवासात दार आपटू नये म्हणून बाहेरून खटका लावला. खटक्याचं मला काही कळलं नाही. मी अंधारात नवा हेडफोन चढवला, डोळे मिटले, ढोलाचं गाणं लावलं… आणि काय सांगू सुमन, काय बेस! खुर्ची हलायला लागली. ढुम्म… ढुम्म… पोटात गोळा येत होता. मी म्हटलं, अठ्ठावीसशे रुपयांत असा बेस! मान डोलावून दाद देत बसलो. गाणं संपलं, तरी बेस चालूच. तेव्हा डोळे उघडले. काचेतून पाहतो तर गाडीच्या खिडकीबाहेर कंपनीचं गेट मागे चाललेलं. तो बेस नव्हता गं. चाकणच्या रस्त्याचे खड्डे होते.

हस. हस पोटभर… तो रिटर्नवाला पण ऐकतोय का? स्पीकरवर टाकलंयस?… काय म्हणतोय?… गेमला वायरवालाच बरा? बघ! हेच मी तुला महिनाभर सांगतोय. त्याला म्हणावं, मी आधी बिनवायरचा आणला होता मेव्हण्याचा. त्यात मी मेल्यावर गोळीचा आवाज यायचा… हो! आधी मरण, मग धडाम… तोही खेळतो?… वाटलंच मला.

आमची काय टीम! मी, कोंडाजी आणि हॅमर शॉपचेच आणखी दोघं. विमानातून उतरतो आणि दुसऱ्या मिनिटाला चौघेही आडवे. मागून कुणी आलं तर पावलं ऐकू यायला हवीत ना. आमच्या चौघांत मिळून एक अख्खा कान नाही… विनोद म्हणून म्हणालो गं. विनोद म्हणून.

बरं, ते सोड आता. काम ऐक. सोपानरावांना फोन लाव, आमच्या कंपनीच्या गेटवर असतात ते. आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर त्यांच्या रजिस्टरमध्ये असतो. ते ड्रायव्हरला सांगतील, हा गाडी थांबवेल, मॅडम मागे येऊन खटका काढतील… मी केला ना! तुझ्याआधी त्यांनाच केला. म्हणाले, सयाजी, गेल्या आठवड्यात तुझ्या हॅमरनं विमान हललं होतं, आज तू पेटीत का? शाब्बास! आणि ठेवला. दुसऱ्यांदा केला, तर उचलून नुसतेच हसले. तिसऱ्यांदा उचलला नाही.

मॅडमचाच नंबर आहे की. तपासणीच्या चिठ्ठीवर छापलाय. लावला. पेटीच्या काचेतून मला त्यांचा फोन दिसतोय, बाहेर टेबलावर, चार्जिंगला लावलेला. मी लावला की तो तिथल्या तिथे नाचतो. नाचत नाचत आता टेबलाच्या कडेला आलाय. मॅडम पुढे ड्रायव्हरजवळ बसल्यात, मध्ये पत्रा.

ओरडून पाहिलं, लाथा मारून पाहिल्या. सुमन, ह्या पेटीचं कामच ते आहे. आवाज जाऊ न देणं. आणि काम ती फार चोख करते.

फोटो कसा पाठवू? रेंजची एकच दांडी आहे, तीसुद्धा डोकं काचेला टेकवलं तर. व्हिडिओ कॉल लागत नाही… लावला होता, गोल गोल फिरून बंद पडला.

तू ठेवू नकोस!… अगं ऐक, ऐक ना. आज शनिवार आहे. तळवड्याच्या कंपनीत ह्यांचा कॅम्प सोमवारी. म्हणजे गाडी आज यार्डात लावणार, कुलूप घालणार, आणि ड्रायव्हर-मॅडम आपापल्या घरी. सोमवारी सकाळी उघडतील. तोवर मी इथे. गुडघे दाराला टेकलेत, पंखा बंद आहे, खिशात एक गोळी आहे लिमलेटची. बॅटरी अकरा टक्के… अकरा! एकावर एक.

मी गंमत करत नाहीये… आवाज कसा असायला हवा मग? रडू का?… घाबरलेला माणूस असं खुलवून सांगत नाही? अगं मला दुसरं येत नाही! एकतीस वर्षं हॅमरवर काढली, तिथे साधं सरळ बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. हातवारे करून, फुगवून सांगितलं तरच माणूस वळून बघतो. सवय लागली.

तू बोललीस तर सोपानराव ऐकतील. तुझ्या बोलण्यावर लोक घड्याळ लावतात. भजनी मंडळातल्या बायका, दूधवाला, सगळे. तू आजवर एक खोटं बोललेली नाहीस… म्हणूनच म्हणतोय… हो, कळतंय मला. ज्याच्यावर तुझा स्वतःचा विश्वास नाही ते तू दुसऱ्याला सांगणार नाहीस. कळतंय.

मग कसा बसेल विश्वास?… विचार. काय विचारायचं ते विचार… घरी का नाही केली तुलना? सांगितलं ना, ग्राइंडर… रविवारी बंद असतो, बरोबर… दुपारी दोन ते चार पण बंद असतो, बरोबर… मग… अगं घरी पंखा असतो, कुकर असतो… ते काय, ते चालतंच की म्हणजे…

गाडी वळली. उजवीकडे वळली. मोशी मागे गेली वाटतं… नाही, पाटी दिसत नाही मला, पोटाला कळतंय.

थांब. सांगतो.

सांगतोय ना. शब्द जुळवतोय… नाही, थाप जुळवत नाहीये. थापेला एवढा वेळ लागतो का मला कधी?

स्पीकर काढ आधी… काढलास?… त्या माणसाला बाहेर नको घालवू, चहा पिऊ दे. तू आत जा.

घरी मला दोन हेडफोनमधला फरक कळत नाही. कारण मला ऐकू येत नाही, सुमन.

नाही… अगदीच नाही असं नाही. जाड जाड येतं. ट्रक येतो, हॅमर येतो, पुरुषमाणूस समोर उभा राहून बोलला तर येतं. बारीक गेलंय. बेल, पाखरं, कुकरची शिट्टी. बायकांचं बोलणं निम्मं.

कधीपासून?…

सात-आठ वर्षं… कदाचित दहा… ते पिवळे बोळे देतात कानात घालायला. सगळ्यांना देतात. मीच नाही घातले. बोळे घातले की हॅमरचा सूर कळत नाही, साचा कधी तडकणार ते कळत नाही, असं सांगायचो पोरांना. रुबाब दाखवायचा, दुसरं काय.

तपासणीत पास होतो, कारण मी काचेतून मॅडमचा खांदा बघतो. त्या कळ दाबतात तेव्हा उजवा खांदा एवढासा खाली जातो. खांदा गेला की मी बटण दाबतो. आज सकाळीसुद्धा तेच केलं. मॅडम म्हणाल्या, काका, तुमचे कान पंचवीस वर्षांच्या पोराचे आहेत.

नापास झालो तर हॅमरवरून काढतात गं. त्या भिंगारेला काढलं, आता कंपनीच्या बागेत पाइप धरून उभा असतो. एकतीस वर्षं लाल लोखंड वाकवायचं आणि शेवटचं वर्ष झेंडूला पाणी घालायचं? मला नाही जमलं ते कुणाला सांगायला. तुलाही नाही.

हो… हो, गेमचंही तेच. पावलं ऐकू येत नाहीत. कोंडाजीला ऐकू येत नाही ते तो कबूल करतो. मी म्हणतो, हेडफोन हलका आहे. म्हणून हा एवढा आणला. वाटलं, दोष हेडफोनचाच निघाला तर बरं होईल.

काय?…

तुझा गाण्याचा रियाज कसा ऐकतो?

सुमन, ते…

हात. तुझा हात बघून. वर जाताना तुझा डावा हात गुडघ्यावरून उचलतो. मग मी ‘वा’ म्हणतो. खाली येताना डोळे मिटतेस, तेव्हा मी मान हलवतो… दोन वर्षं. क्लास लावल्यापासून… हो. रोज.

हॅलो?

सुमन, शिवी दे पाहिजे तर.

फोन कुठे ठेवतेस? ओट्यावर?… ठेव. राहू दे थोडा वेळ.

…

हे काय वाजतंय? कर्र… कर्र… कर्र… आपला पंखा?… सुमन, आपल्या पंख्याला आवाज आहे? घर घेतलं तेव्हापासून तो पंखा तिथे आहे. किती वर्षांपासून कुरकुरतोय तो? तू म्हणत होतीस मेस्तरीला बोलाव, बोलाव, आणि मी म्हणायचो छान तर चाललाय…

आणि हा फुर्र फुर्र कोण? रिटर्नवाला चहा पितोय होय. बशीतून पितोय.

आलीस का?… हो, सगळं ऐकू येतंय मला. इथे बाहेरचं काहीच नाही ना, फक्त तू आहेस. थोडासा बसलाय वाटतं तुझा आवाज… नेहमी असाच असतो?… जरा खरखरीत आहे. चांगला आहे. खरखरीत, पण चांगला. मी मनात दुसराच धरून चाललो होतो.

खरं सांगू? ढोलाचं गाणं संपलं, खटका लागलाय हे कळलं, सोपानरावांनी फोन ठेवला. मग काय करणार? तू त्या गुरुजींना रियाजाचं रेकॉर्डिंग पाठवतेस ना, ते परवा चुकून मला आलं होतं. ते लावलं. नव्यात लावलं, मग जुन्यातही लावलं. दोन्हींत तू तीच. जुन्यात तर बेस कमी म्हणून जास्तच मोकळी. अठ्ठावीसशेची काही गरज नव्हती गं. हेडफोनमुळे नव्हे, ह्या पेटीतल्या शांततेमुळे ऐकू येतंय. साडेचारशेवाल्याला कानापाशी नुसत्या नव्या गाद्या बसवल्या तरी पुरे होतं.

वरचा सा लावतेस तिथे… तिथे तू थरथरतेस. एकदा चुकलीस, थांबलीस, ‘अगंबाई’ म्हणालीस आणि परत लावलास. दुसऱ्यांदा बरोबर लागला… हो. तिथे मी खरंच ‘वा’ म्हणालो. इथे अंधारात, एकटा. कुणाचा हात दिसत नव्हता.

रडतेस का?… मग नाक का ओढतेस?… कांदे चिरतेस? आत्ता?… बरं, कांदे तर कांदे.

आता बसला का विश्वास?… का बसला?… ह्याच्यात माझी काहीच शान नाही म्हणून? हं… मी थाप मारली असती तर त्यात मीच हिरो असतो. खरं आहे तुझं.

फोन चालू ठेव. हा ठेवलास तर परत लागायचा नाही, सात टक्के आहेत. विजयश्रीचा फोन घे, तिच्यावरून लाव सोपानरावांना… हो, नंबर कॅलेंडरवर आहे, एप्रिलच्या पानावर…

…

विजयश्री, तुम्हीही आलात का? नमस्कार, नमस्कार… नाही हो, आज अंडी नाहीत. आज मीच उकडतोय… तिच्याकडे द्या फोन. आणि तुमचा तिला द्या.

…

एवढंच?

सुमन, एवढंच बोललीस? ‘सोपानराव, सुमन बोलते, ते खरंच पेटीत आहेत, ड्रायव्हरला फोन करा.’ संपलं?… आणि ते ‘बरं वहिनी’ म्हणाले? हसले नाहीत?… मी तीनदा घसा फोडला. पहिल्या वेळी तर पेटीची लांबी-रुंदीसुद्धा सांगितली होती. लांबी-रुंदी सांगितली की थाप वाटते काय लोकांना?

हो, थांबलोय. वाट बघतोय. दुसरं काय करू शकतो?… रिटर्नवाला जातोय?… ‘गिऱ्हाईक घरी नव्हतं’ असा शेरा मारतो म्हणतोय? आणि उद्या परत येतो? देवमाणूस आहे. त्याला म्हणावं, उद्या हेडफोन तयार ठेवतो. कांदे तू घेतलेसच चिरायला, बरं झालं… त्याला गेममध्ये टीम नाही? अरे, आमच्या टीममध्ये येतोस का विचार त्याला. एक कान असलेला माणूस पाहिजेच आहे… काय म्हणतो?… विचार करतो म्हणतो. बघ, नाही म्हणाला नाही.

सुमन, ब्रेक लागला… थांबली. गाडी थांबली गं… थांब, कुठेतरी ट्रॅफिकमध्ये थांबली असेल… नाही, मागचं दार उघडतंय. उजेड आला. मॅडमच आहेत. काचेला डोळे लावलेत… मला बघितलं… तोंड एवढं मोठं उघडलंय, किंचाळतायत वाटतं. मला काही ऐकू येत नाही. पेटी एक नंबर आहे, त्यात वाद नाही.

खटका… निघत नाहीये. ड्रायव्हरला हाक मारतायत. आला… दोघं ओढतायत…

उघडलं! उघडलं सुमन!… आई गं… काय हा गोंगाट… हो मॅडम, मीच. सकाळचाच… हो, सांगतो, सगळं सांगतो, सकाळच्या तपासणीचंही सांगायचंय. एक मिनिट, घरचा फोन आहे… आधी पाणी द्या…

सुमन, सुटलो! रस्त्यावर उभा आहे, मागे सगळे हॉर्न मारतायत… काय?… हो, हो…

नाही. थांब.

‘हो’ नाही. ऐकू नाही आलं मला. तू काय म्हणालीस?

खरंच नाही आलं… परत सांग…

नाही गं, नुसता शेवटचा ‘चं’ आला. परत… ओरडू नकोस, ओरडलीस की आणखी बारीक होतं. सावकाश, एकेक शब्द… थांब, हेडफोन दोन्ही कानांवर दाबून धरतो. मॅडम, ह्या कंटेनरवाल्याला जरा हॉर्न थांबवायला सांगता का? बायकोचं ऐकायचंय… सांग.

…

नाही. अजून एकदा.

…

हां. आता आलं.

सोमवारी. सकाळी. कानाच्या डॉक्टरकडे जायचं.

आलं ना, म्हटलं. पूर्ण आलं… अगदी नीट आलं. थोडं कमी ऐकू आलं असतं तरी चाललं असतं… नाही, आता ‘नाही आलं’ म्हणायची सोय राहिली नाही. जातो.

सोमवारची पहिली शिफ्ट बुडवतो. तू पण चल. ते काय सांगतील ते तू ऐक, आणि घरी आल्यावर मला परत सांग… दोनदा लागलं तर दोनदा… हो. चल, ठेव. दोन टक्के उरलेत.